भाडेकरूंसकट घर: रिजवुडची पिवळी वीट आणि खालच्या मजल्यावरच्या आजी

तीन महिने झाले, आमचा एकही रविवार घरी गेलेला नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, जॅक्सन हाइट्सच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये अकरा वर्षं काढली, लेक आता सातवीत गेली, आणि नवऱ्याने नवीन वर्षाला ठरवूनच टाकलं की यंदा क्वीन्समध्ये स्वतःचं काहीतरी घ्यायचंच. एकट्या कुटुंबाचं घर आम्हाला परवडत नाही, को-ऑपच्या, म्हणजे रहिवाशांच्या सामाईक मालकीच्या इमारतीच्या, बोर्डापुढे इंटरव्ह्यू द्यायची दोघांचीही इच्छा नाही, मग राहतं काय तर इथे ज्याला टू फॅमिली म्हणतात ते. म्हणजे एकाच घरात दोन बिऱ्हाडं, एक खाली एक वर, दार वेगळं, किचन वेगळं, मालक एक. एका मजल्यावर आपण राहायचं, दुसरा भाड्याने द्यायचा आणि त्या भाड्यातून बँकेच्या हप्त्याला हातभार लावायचा. इथल्या इटालियन, ग्रीक, पोलिश, बंगाली, गयानीज कितीतरी कुटुंबांनी असंच पहिलं घर केलंय, ऑफिसमधल्या निम्म्या लोकांच्या घरची गोष्ट हीच आहे.

तर अशाच एका रविवारी क्वीन्सच्याच रिजवुडमधलं एक घर दिसलं. विटांचं, १९११ सालचं, दोन मजले आणि खाली तळघर, एम ट्रेनच्या फॉरेस्ट ॲव्हेन्यू स्टेशनपासून चालत सहा मिनिटं. मागितलेली किंमत १० लाख ४९ हजार डॉलर. फोटो सुंदर होते आणि जाहिरातीच्या अगदी खाली दोन शब्द होते, टेनंट ऑक्युपाइड. म्हणजे दोन्ही मजल्यांवर भाडेकरू राहतायत, घर त्यांच्यासकट विकायचंय. ते शब्द वाचले आणि मी पुण्याला बाबांना फोन लावला, कारण हा विषय आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासूनचा आहे.

आम्ही नारायण पेठेत एका वाड्यात भाड्याने राहायचो. दोन खोल्या, भाडं महिना ४५ रुपये. पानशेत फुटलं तेव्हा, १९६१ साली, त्या वाड्यात पाणी शिरलं होतं आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर त्याची रेघ आहे असं मोठी माणसं सांगायची, मला ती कधी नीट दिसली नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे भाडं गोठलेलं, त्यामुळे मालक एक कौल बदलायचा नाही, त्याचंही बरोबरच होतं, ४५ रुपयांत तो काय दुरुस्ती करणार, आणि आमचंही बरोबर होतं कारण बाबांच्या पगारात दुसरीकडे जाणं शक्य नव्हतं. मग एके वर्षी मालकाने भाडं घेणंच बंद केलं. भाडं थकवलं असं दाखवून खोली रिकामी करून घ्यायची ही तेव्हाची नेहमीची पद्धत. म्हणून बाबा दर महिन्याला पोस्टात जाऊन मालकाच्या नावाने मनीऑर्डर करायचे. ती 'घेण्यास नकार' असा शेरा मारून परत यायची. बाबा तो कागद फाइलीत लावायचे आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पोस्टात. कितीतरी वर्षं. त्या फाइलीला सुतळी बांधलेली असायची आणि घरात दागिन्यांच्या डब्याइतकी ती जपली जायची, पाऊस आला की आई आधी ती फाइल उचलायची. शेवटी वाडा भाडेकरूंसकट एका बिल्डरला विकला गेला, आम्हाला थोडे पैसे मिळाले, बाबांनी कर्ज काढलं आणि आम्ही धायरीला गेलो. तेव्हा मी बारावीत होते.

बाबा फोनवर म्हणाले, "आधी भाडेकरूच्या पावत्या बघ, मग भिंती बघ." आणि लगेच पुढे, कारण आयुष्यभर ते कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायजर होते, "विटांच्या दर्जा बघून ये, चुन्याच्या आहेत का सिमेंटच्या ते सांग मला." दरज म्हणजे दोन विटांमधली भरलेली सांध.

आधी विटांबद्दलच सांगते, कारण रिजवुडची वीट हे खरंच बघण्यासारखं प्रकरण आहे. हा भाग ब्रुकलिनच्या हद्दीला चिकटलेला. पलीकडे बुशविकमध्ये लाकडी घरांच्या रांगा दिसतात आणि अलीकडे आलं की गल्लीच्या गल्ली विटांची. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंधराएक वर्षांत जर्मन वस्तीसाठी जर्मन बिल्डरांनी ही घरं बांधली, आणि त्यातल्या पुष्कळ घरांना स्टेटन आयलंडच्या क्रायशर कारखान्याची पिवळसर वीट वापरलीय. लाल नाही, पिवळी. हळद घातलेल्या दुधासारखा रंग, संध्याकाळचं ऊन पडलं की अख्खी गल्ली उजळते. स्टॉकहोम स्ट्रीटचा एक तुकडा तर २००० साली शहराने लँडमार्क केला, म्हणजे जपायचा वारसा म्हणून जाहीर केला, तिथे रस्ताही विटांचा आहे आणि घरांना पुढे खांबांचे पोर्च आहेत. २०१४ साली सेंट्रल रिजवुडचा मोठा भाग त्यात आला. अशा भागात घर घेतलं तर पुढची खिडकी बदलायलासुद्धा लँडमार्क कमिशनची परवानगी लागते, हे घ्यायच्या आधी माहीत असलेलं बरं. आम्ही बघितलेलं घर त्या हद्दीच्या बाहेर होतं पण वीट तीच, वर छपराच्या कडेला पत्र्याची नक्षीदार पट्टी, कॉर्निस, मधली भिंत शेजाऱ्याशी सामाईक, आत रेल्वेच्या डब्यासारख्या एकामागे एक खोल्या.

दर्जा बघितल्या. पुढच्या बाजूला जुना चुना शाबूत होता, मागच्या भिंतीवर कोणीतरी कधीतरी वरून सिमेंट भरलेलं. बाबांना व्हिडिओ पाठवला तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं, जुनी वीट मऊ असते, चुना तिच्यापेक्षा मऊ, म्हणून ओल चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट विटेपेक्षा कडक, मग ओल विटेतच अडकते, थंडीत ती गोठते आणि विटेचा चेहरा सोलून निघतो. आणि खरंच, खिडकीखाली सहा-सात विटांचे पापुद्रे निघालेले होते, बोट लावलं की पिवळी पूड हातावर. ८२ वर्षांच्या माणसाने पुण्यात बसून क्वीन्समधली भिंत वाचली याचा मला फार अभिमान वाटला.

मग तळघर. तिथे मी एकच गोष्ट आधी बघते, मीटर मोजते. दोन बिऱ्हाडांच्या घरात गॅसचे दोन आणि विजेचे दोन, फार तर जिना-तळघराचा वेगळा एक, त्याहून जास्त दिसले की समजायचं खाली कोणालातरी ठेवलंय. त्याआधी ओझोन पार्कमध्ये आम्ही एक घर बघितलं होतं त्यात तळघरात गादी, शेगडी, लहान मुलाची सायकल, आणि खिडकी म्हणावी तर वितभर. एजंट म्हणाला हे एक्स्ट्रा इन्कम. मी तिथून लगेच बाहेर आले. २०२१ च्या सप्टेंबरची ती आयडा वादळाची रात्र आम्ही विसरलेलो नाही, शहरात ११ माणसं तळघरातल्या घरांमध्ये बुडून गेली, बहुतेक क्वीन्समधलीच, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. अर्ध्याहून जास्त उंची जमिनीखाली असेल तर त्याला इथे सेलर म्हणतात आणि एक-दोन बिऱ्हाडांच्या घरात शहराच्या परवानगीशिवाय तिथे माणूस राहायला ठेवणं बेकायदा आहे. त्या भाड्यावर हप्त्याचं गणित मांडणारं घर फुकट दिलं तरी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रिजवुडच्या घरात मीटर बरोबर होते, बॉयलर एकच, वाफेचा, दोन्ही मजल्यांना त्याचीच उष्णता. म्हणजे तेलाचा खर्च मालकाचा. १ ऑक्टोबर ते ३१ मे, बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं की दिवसा घरात ६८ आणि रात्री, बाहेर काहीही असो, ६२ ठेवावंच लागतं, हा शहराचा नियम. हे भाडेकरू म्हणून मला पाठ होतं, मालक म्हणून पहिल्यांदाच विचार केला.

वरच्या मजल्यावर एक्वाडोरचं कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलगे. त्यांनी दार उघडलं, मुलांना एका खोलीत बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभे राहिले, आम्ही बाथरूम बघताना, कपाट उघडताना. मला फार अवघड झालं. त्यांचं लीज, म्हणजे मुदतीचा भाडेकरार, पुढच्या वर्षीच्या ऑगस्टअखेरपर्यंत होतं. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, घर विकलं म्हणून लीज संपत नाही. नव्या मालकाला ते जसंच्या तसं पाळावं लागतं, तेच भाडं, तीच मुदत. डिपॉझिटही जुन्या मालकाने नव्याकडे सोपवायचं असतं, आणि २०१९ च्या कायद्यानंतर ते एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेताही येत नाही.

खाली आजी होत्या. पोलंडच्या, सत्तरी उलटलेली, एकट्या, बावीस वर्षं त्याच घरात. सकाळची वेळ, रेडिएटरवर पाण्याने भरलेलं इनॅमलचं भांडं ठेवलेलं, हवा कोरडी होऊ नये म्हणून, खिडकीत दह्याच्या डब्यांमध्ये टोमॅटोची रोपं. आम्हाला त्यांनी नीट बसवलं. मग आत गेल्या आणि एक डबा घेऊन आल्या, तो निळा डॅनिश बिस्किटांचा गोल डबा जो आपल्याकडेही घराघरात सुई-दोऱ्यासाठी असतो. झाकण उघडलं तर आत पावत्या. पोस्टाच्या मनीऑर्डरच्या पावत्या, वर्षावर्षाचे गठ्ठे, रबरबँड लावलेले. त्यांचं बँकेत खातं होतं की नाही मी विचारलं नाही, पण भाडं त्या दर महिन्याला पोस्टात जाऊन मनीऑर्डरनेच देत आल्या होत्या. वरचा गठ्ठा माझ्या हातात दिला आणि मोडक्या इंग्लिशमध्ये म्हणाल्या, "मी भाडं देते. नेहमी देते. पहिल्या तारखेला."

मी काही बोलू शकले नाही. त्यांना वाटलं असेल मी पावत्या तपासतेय. मला ती सुतळी दिसत होती.

बाहेर आल्यावर एजंटला विचारलं, खालच्यांचं काय. तो म्हणाला त्यांचं लीज कधीच संपलंय, महिना-महिना चालू आहे, काळजी करू नका, हवं तर रिकामं करून देऊ. इथे जाहिरातींमध्ये त्यासाठी शब्दच आहे, डिलिव्हर्ड व्हेकंट. अशा घराला भाव जास्त मिळतो. भाडेकरूंसकट आणि रिकामं यातला तो फरक कशाचा असतो याचा मी आधी कधी विचारच केला नव्हता. तो त्या माणसाला तिथून उठवण्याचा असतो.

घरी येऊन दोन रात्री मी कायदा वाचत बसले आणि आमच्या वकीलबाईंशी बोलले (न्यूयॉर्कमध्ये घराच्या व्यवहारात दोन्ही बाजूंना वकील असतोच). निघालं ते असं. रेंट स्टॅबिलायझेशन, म्हणजे भाडेवाढीवर मर्यादा घालणारा कायदा, साधारण १९७४ च्या आधीच्या, सहा किंवा जास्त घरांच्या इमारतींना लागतं, दोन बिऱ्हाडांचं घर त्यात येत नाही. २० एप्रिल २०२४ पासून गुड कॉज नावाचा नवा कायदा आला, योग्य कारणाशिवाय भाडेकरूला काढता येत नाही असा, पण ज्या मालकाकडे सगळी मिळून दहापेक्षा जास्त घरं नाहीत त्याला सूट, आणि दहा घरांपर्यंतच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल तरी सूट. म्हणजे आजींच्या वाट्याला काय, तर ९० दिवसांची लेखी नोटिस. एक वर्षाच्या आत राहिलेल्याला ३० दिवस, दोन वर्षांच्या आत ६०, त्यापुढे ९०. बावीस वर्षं राहा नाहीतर तीन वर्षं, ९० च. भाडं ५ टक्के किंवा जास्त वाढवायचं असेल तरी हीच मुदत. आणि नोटिस संपली म्हणून मालकाला कुलूप बदलता येत नाही, तो गुन्हा आहे, हाउसिंग कोर्टात जाऊन निकाल घ्यावा लागतो.

आणि मग आमचंच गणित समोर आलं. बँकेचं स्वस्त कर्ज हवं असेल तर घेतल्यापासून ६० दिवसांत आपण त्या घरात राहायला जायला लागतं. दोन्ही मजले भरलेले, जायचं कुठे? वरच्यांचं लीज आहे, त्यांना हात लावता येत नाही. राहिल्या आजी. राहायला न जाता गुंतवणूक म्हणून घेतलं तर बँकेने २५ टक्के डाऊन पेमेंट सांगितलं, म्हणजे २ लाख ६२ हजार, तेवढे आमच्याकडे नाहीत. वर १० लाखांपुढचं घर म्हणून १ टक्का मॅन्शन टॅक्स, १० हजार ४९० डॉलर, शंभर वर्षांच्या दोन मजली घराला मॅन्शन म्हणतात हे एक, आणि कर्जाच्या रकमेवर शहर-राज्याचा १.९२५ टक्के रेकॉर्डिंग टॅक्स, आमच्या हिशोबात जवळपास १६ हजार. थोडक्यात, ते घर आम्हाला एकाच रस्त्याने परवडत होतं आणि तो रस्ता त्या टोमॅटोच्या खिडकीतून जात होता.

नवऱ्याचं आणि माझं पहिल्यांदाच एवढं वाजलं. तो म्हणाला, आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल आणि काढेलच, मग आपण का सोडायचं. त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही, त्याने दहा वर्षं दोन-दोन शिफ्ट करून पैसे साठवलेत, लेकीला स्वतःची खोली हवीय, आणि कायद्याने आम्ही काहीच वाकडं करत नव्हतो. आमच्या वाड्याच्या मालकानेही कदाचित हाच विचार केला असेल. मला आता त्या माणसाचा राग येत नाही, त्याच्या बाजूनेही पोरंबाळं होती, भाडं गोठवलेलं, घर पडायला आलेलं. महाराष्ट्रात नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के भाडेवाढ मिळायला लागली, पण तोवर कितीतरी वाडे मालक आणि भाडेकरू दोघांच्या भांडणात गळून गेले. एका टोकाला भाडं इतकं बांधून ठेवलं की मालकाने घराकडे बघणंच सोडलं, दुसऱ्या टोकाला बावीस वर्षांना ९० दिवस. दोन्ही मी जवळून बघितलीत आणि दोन्हींमध्ये माणूस रात्री झोपत नाही.

शेवटी आम्ही ऑफर दिली, पण आमच्या अटीवर. आजी खाली राहतील, तेच भाडं, सोबत दोन वर्षांचं लेखी लीज. आम्ही वरचा मजला घेऊ, त्या कुटुंबाचं लीज संपल्यावर आणि तेव्हा त्यांना जायचं असेल तर, तोवर क्लोजिंग, म्हणजे घर नावावर करायचा शेवटचा व्यवहार, थांबवा. वकीलबाई म्हणाल्या विक्रेता एवढा थांबणार नाही, तरी त्यांनी नीट लिहून पाठवलं, त्यात दोन्ही भाडेकरूंकडून सहीचा कागदही मागितला, एस्टॉपेल म्हणतात त्याला, म्हणजे भाडं किती, डिपॉझिट किती, मुदत कधीपर्यंत, मालकाने तोंडी काही कबूल केलंय का, हे भाडेकरूनेच लिहून द्यायचं. एजंटच्या तोंडच्या शब्दावर कोणी जाऊ नये. आम्हाला जाहिरातीत खालचं भाडं म्हणून जो आकडा सांगितला होता तो आजींच्या पावत्यांवरच्या आकड्यापेक्षा ४०० डॉलरने जास्त होता. बाबांचं पहिलं वाक्य किती खरं ठरलं बघा.

चार दिवसांनी उत्तर आलं, नाही. रोख पैसेवाला कोणी मिळाला होता, घर रिकामं करून हवं असलेला.

त्या शनिवारी मी एकटीच एम ट्रेनने गेले. आजींची बेल वाजवली, त्यांनी ओळखलं. मी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून नेलं होतं, ऑफिसमधल्या एका मैत्रिणीकडून पोलिशमध्ये करून घेतलं होतं. नोटिस लेखी हवी आणि ९० दिवसांची हवी. तोंडी सांगितलं तर घर सोडायचं नाही. कोणी पैसे देतो म्हणून कागदावर सही मागितली तर वकिलाला दाखवल्याशिवाय करायची नाही. कुलूप बदललं किंवा हीट बंद केली तर ३११ ला, शहराच्या तक्रारीच्या नंबरला, फोन करायचा. हाउसिंग कोर्टात गरजूंना फुकट वकील मिळतो. पावत्यांचा डबा कोणाच्याही हातात द्यायचा नाही, फक्त फोटोकॉपी. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून डब्यात ठेवला, सगळ्यात वर. मग मला टोमॅटोची दोन रोपं दिली, दह्याच्या डब्यासकट.

रोपं आता आमच्या फायर एस्केपच्या खिडकीत आहेत, एकाला कळी धरलीय. नवरा रोज सकाळी पाणी घालतो, त्या घराबद्दल आम्ही बोलत नाही.

येत्या रविवारी ग्लेंडेलला एक घर बघायचंय, लाल विटांचं, टू फॅमिलीच. वरचा मजला रिकामा आहे, खाली एक बाई आणि तिची आई भाड्याने राहतात. एजंटला मी मेसेज केलाय की आधी लीजची कॉपी आणि भाड्याच्या पावत्या पाठवा, मग वेळ ठरवू. बाबांनी दर्जांचे फोटो मागवलेत, चारही बाजूंचे.